दगड घासणारे 'मागास' नव्हते

१/ इनामगाव, नेवासे किंवा जोर्वे यांविषयी काही लिहिले, की एक शेरा हमखास येतो : 'तांबे ठाऊक असूनही हे लोक दगडच घासत बसले, म्हणजे मागासच.' पुण्यासारख्या, उत्खननाची परंपरा असलेल्या शहरातही हा शेरा आत्मविश्वासाने मारला जातो. तो चुकीचा आहे. का, ते पाहू.

२/ या समजुतीचे मूळ युरोपात आहे. कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तू लावताना थॉमसन यांनी दगड, कांसे व लोखंड अशी तीन युगे कल्पिली. १८३६ मध्ये ती छापून आली. १८६५ मध्ये लबक यांनी अश्मयुगाचे दोन भाग केले : छिलून केलेली हत्यारे जुनी, घासून गुळगुळीत केलेली नवी. कपाटे लावण्यासाठी ही सोय उत्तम होती. आपण तिची प्रगतीची शिडी करून टाकली.

३/ ही शिडी दोन्ही टोकांना मोडते. ऑस्ट्रेलियात घासलेल्या धारेच्या कुऱ्हाडी चाळीस हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्या करणारे शिकारी होते, शेतकरी नव्हते. उलट नेवाशाला, डेक्कन कॉलेजच्या १९५४-५६ च्या उत्खननात, डोलेराइटच्या गुळगुळीत कुऱ्हाडी आणि तांब्याच्या वस्तू एकाच संस्कृतीच्या थरांत मिळाल्या. म्हणून तर 'ताम्रपाषाण' हा जोडशब्द!

४/ 'सह्याद्रीच्या मुलखात दगडाला काय तोटा?' हा दुसरा भ्रम. दगड विपुल होता. योग्य दगड निवडावा लागे. पृष्ठभागावर लवकर थंड झालेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट अनेकदा सच्छिद्र असतो. तोच शिलारस जमिनीतील भेगांत सावकाश गोठला, की डोलेराइट होतो. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून तो घाव सोसतो. या गोठलेल्या भिंती, म्हणजे डाइक, नाशिक-पुणे पट्ट्यात आणि धुळे-नंदुरबारकडे आजही दिसतात.

५/ कुऱ्हाडीला डोलेराइट; पण पात्यांना कॅल्सेडनी. बेसाल्टच्याच पोकळ्यांत तयार होणारा हा दगड काचेसारखा फुटतो आणि तीक्ष्ण धार देतो. इनामगावच्या (उत्खनन १९६८-८३) लोकांनी त्याची पाती मोठ्या प्रमाणावर काढली. त्याची कुऱ्हाड केली असती, तर पहिल्या काही घावांतच तिची धार उडाली असती. कोणता दगड कसा फुटतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे.

६/ घासणे हे शोभेसाठी नव्हे. आधी छिलून आकार, मग ठोकून उंचवटे काढणे, शेवटी वाळू आणि पाणी घेऊन खडकावर घासणे. गुळगुळीत धार लाकडात सहज शिरते, टवके कमी उडतात आणि बोथट झाली की पुन्हा घासता येते. कर्नाटकात बळ्ळारीजवळ संगनकल्लू-कुपगल येथे डाइकच्या कडेला अशा कुऱ्हाडींचे कारखानेच होते. मात्र दिसायला सारखी म्हणून आपली प्रत्येक कुऱ्हाड तिथूनच आली, असे ठोकून देऊ नये. दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय उगमाविषयी बोलणे व्यर्थ.

७/ विरोधी पक्षाचा सबळ मुद्दा मान्य करू. तांबे दुरून येई, महाग पडे आणि मोडके तांबे पुन्हा वितळवले जाई. म्हणून ते उत्खननात थोडे सापडते. दगडाच्या वापरात टंचाईचा वाटा होताच. पण संगमनेरजवळच्या जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. म्हणजे ती विद्या अवगत होती. मऊ तांब्याची धार वाकते; ताज्या कॅल्सेडनीची धार तिच्याहून तीक्ष्ण असते. टंचाई असली म्हणजे विचार नसतो, असे थोडेच आहे? आपल्या घरात स्टीलच्या भांड्यांशेजारी पाटा-वरवंटा असतो. तेवढ्यावरून कुणी आपल्याला अश्मयुगीन म्हणत नाही.

८/ हा केवळ शब्दांचा वाद नाही. 'मागास' म्हटले, की जपण्याची गरज संपते. डाइक खडीसाठी फोडले जातात. शेतात दिसलेली कुऱ्हाड फोटोसाठी उचलली जाते आणि तिची जागा, तिचे शेजारी कायमचे हरवतात. मग उरतो तो खरोखरच नुसता दगड.

९/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांनो, वस्तू दिसली तर जागेवरच राहू द्या; ठिकाण नोंदवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि पुढच्या वेळी 'कोणते युग?' असे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा : कोणता दगड? कुठला? कशासाठी?