अग्रलेख कोणाच्या टेबलावर पडावा?

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात पोचणाऱ्या स्थानिक पत्राचा अग्रलेख अनेकदा दिल्लीवर असतो, नाहीतर समाजाच्या ऱ्हासावर. त्याला कोणाचीच हरकत नसते, कारण त्याचे उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. माझ्या मते स्थानिक अग्रलेख दमदार ठरतो तो त्यातले विधान वाचकाला गावातच तपासता येते आणि प्रश्न एका ठरावीक खुर्चीला विचारलेला असतो तेव्हा. पीक विम्याचेच घ्या. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर बेतली गेली. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाखाली गेले तरच पैसे. म्हणजे अख्ख्या मंडळाच्या सोयाबीनचे भवितव्य मोजक्या प्लॉटांवर ठरते. ‘बळीराजाची क्रूर थट्टा’ हे शीर्षक कुठल्याही वर्षी खपते. प्रयोग कोणत्या गावांत झाले, कोणत्या तारखेला, वजनाच्या वेळी कोण हजर होते, याचे तक्ते मिळवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना एकच नेमका प्रश्न करणारा अग्रलेख मात्र त्याच हंगामाचा असतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवसांची.

कागद शोधणे हे बातमीदाराचे काम, संपादकाने मत द्यावे, असा आक्षेप येईल आणि त्यासोबत ‘केसरी’चा दाखलाही. 1897 च्या प्लेगच्या काळात सरकारचे डोके ठिकाणावर आहे का, असे विचारणारा तो अग्रलेख आजही सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याच ‘केसरी’च्या टिळक-आगरकरांना 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले, ते कोल्हापूरच्या दिवाणांवरचे आरोप ज्या पत्रांवर उभे होते ती बनावट ठरल्यामुळे. हेतू शुद्ध होता, लेखणीही कमी धारदार नव्हती. आपण ‘केसरी’चा आवेश उचलला, हा धडा तिथेच राहिला. उलट बाजू पाहायची तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात स्टॉर्म लेक या लहान गावी जावे. तिथे जेमतेम 3,000 खपाच्या, आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या पत्राचे संपादक आर्ट कलन यांनी एकच प्रश्न लावून धरला: नद्यांतल्या नायट्रेटवरून चाललेल्या खटल्यात स्थानिक प्रशासनांच्या वकिलांचे बिल कोण भरते? मागे शेती-उद्योगातल्या बड्यांचा पैसा निघाला. त्या अग्रलेखांना 2017 चे पुलित्झर मिळाले. बातमी आणि मत यांची तिथे फारकत करता येत नाही.

खरा आक्षेप पैशाचा आहे. लहान पत्र वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवर जगते. ज्याचा फोटो पान चारवर, त्याच्याविषयी पान दोनवर काय लिहिणार? शिवाय गाव लहान, ज्याच्यावर लिहायचे तो बाजारच्या दिवशी समोर येतोच. ही अडचण खोटी नाही, काही जाहिराती जातीलही. तरीही ‘भ्रष्ट’ म्हटल्यावर माणूस पेटतो; तारीख आणि आकडा विचारल्यावर त्याला कागद काढावा लागतो, किंवा गप्प बसावे लागते. बदनामीच्या कायद्यातही लोकहितासाठी मांडलेल्या सत्याला संरक्षण आहे. विशेषणाला तेवढे नाही. आणि अधिकाऱ्याने कागद दाखवून अग्रलेख चुकीचा ठरवला, तर तो खुलासा त्याच पानावर, त्याच जागी छापावा. पुढच्या वेळी प्रश्न विचारला की त्याच अधिकाऱ्याला तो टाळणे जड जाईल.