ठरत नाही, म्हणून काय बिघडले?

इंटरचा निकाल लागला की आपल्या काचीगुडा, सुलतान बाजारच्या मराठी घरांतून एकच प्रश्न निघतो: "पुढे काय घेणार?" मुलगा गप्प राहिला की वडील चिडतात, आत्या शेजारच्या इंजिनियराचा दाखला देते, आणि पदवीप्रवेशाच्या 'दोस्त' या सरकारी संकेतस्थळावरचा पसंतीक्रम अखेर मुलाच्या आवडीने नव्हे, तर घरच्यांच्या धास्तीने भरला जातो.

आमच्या मते, न ठरणे हा दोष नव्हे. दहावी होताच आपण त्याला एम.पी.सी., बाय.पी.सी. वा सी.ई.सी. अशा एका गटात बसवतो. जे विषय कधी चाखलेच नाहीत, त्यांची आवड त्याने सांगावी तरी कशी?

नरहर कुरुंदकर याच शहरात शिकले. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कुरुंदकरांना इंटरच्या परीक्षेत अपयश आले, पण वाचनाचा नाद सुटला नाही. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत अधिकारी होते. नोकरीत असतानाच ते गोंडी शिकले, आणि फारसी-उर्दूच्या बळावर इतिहासकार म्हणून नावाजले. अपयशाचा कित्ता कोणी गिरवू नये. पण ओढ उशिराही वाट काढते, हे ध्यानात ठेवावे.

ती ओळखावी कशी? मनात असलेल्या विषयांची तिसऱ्या वर्षाची क्रमिक पुस्तके ग्रंथालयातून आणावीत. पहिल्या वर्षाचे पुस्तक सर्वांनाच सोपे वाटते. अवघड पानाशी मूल कुठे रेंगाळते, ते पाहावे. नात्यागोत्यात वकील, हिशेबनीस, संशोधक असतातच. त्यांचा पगार विचारू नये. गेल्या सोमवारी दिवसभर काय काम केले, ते मुलालाच विचारू द्यावे. इतके करूनही दोन विषय शिल्लक राहिले, तर अधिक वाटा मोकळ्या ठेवणारा घ्यावा. गणितातून अर्थशास्त्राकडे किंवा संख्याशास्त्राकडे वळता येते. सुटलेले गणित पुन्हा धरणे कठीण जाते.

बुडालेली फी पुन्हा मिळवता येते. मनाविरुद्ध काढलेली तीन वर्षे मात्र परत येत नाहीत, आणि बापलेकांतला अबोला त्याहून लांबतो. म्हणून पसंतीक्रमाची पहिली ओळ मुलालाच लिहू द्यावी.