यात पोरकटपणा दाखवा

‘एवढा मोठा झालास, अजून खेळतोसच?’ धाकटी डहाणूत हे मला रोज ऐकावं लागतं. तेही अमीर हमजाच्या दास्तानीचा अभिमान सांगणाऱ्यांकडून! तिथेही तिलिस्म, जादूगार, अय्यार. १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये फरक एवढाच, की पुढे काय करायचं ते ऐकणारा ठरवतो.

मी ‘ट्वाइन’वर (फुकट आहे, प्रोग्रॅमिंग जवळपास लागत नाही) मराठीत अशीच गोष्ट लिहितोय. आपल्याकडचा खलाशी वेरावळच्या बोटीवर. जाळं रिकामं, सागरी हद्द जवळ. पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात कसे जातात, हे बातमीच्या चार ओळींत कळत नाही. माझ्या गोष्टीत वाचक ‘परत फिरू’ निवडतो, तरी बोट पुढेच जाते. ठरवणारा तांडेल आहे.

यात पोरकट काय, ते सांगा.