सहलीतले सोने

आमच्या घरातील एका दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या अमेरिकेतील आत्याने हिरव्या प्लास्टिकची एक उथळ परात पाठवली. तिच्या एका बाजूला आतून आडव्या खाचा आहेत. आत्याचे कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत मोटारीने कॅलिफोर्नियात फिरले. त्या प्रवासात कोलोमा येथील नदीकाठी बसून सर्वांनी वाळूतून सोने शोधले आणि मुलांच्या परातीत एकदोन पिवळे ठिपके उरलेही. ते छायाचित्र इकडे आल्यापासून मुलाने जो हट्ट धरला, तो पाऊस सरल्यावरच्या एका रविवारी आम्हांला आरे कॉलनीत घेऊन गेला. एका ओढ्यापाशी गाडी उभी केली, डबे उघडले, आणि परात पाण्यात बुडाली.

सोने मिळणार नाही हे आम्हां मोठ्यांना ठाऊक होते. मुंबईचा खडक ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडलेला. वाळूतून वेचावे असे सोने त्यात नाही. तरीही खेळ अगदीच फुकट गेला नाही. हलकी माती वाहून गेल्यावर तळाशी काळ्या, जड कणांची एक बारीक रेघ उरली, आणि लोहचुंबक जवळ नेताच ते कण त्याला चिकटले. मुलगा त्यावरच खूश झाला.

तेवढ्यात वरच्या पाड्यावरची एक बाई पायवाटेने खाली आली. तिने क्षणभर पाहिले आणि विचारले, "काय शोधतोस रे पोरा?" मुलगा म्हणाला, "सोनं." ती हसली. मग पाण्यातल्या उलथलेल्या दगडांकडे हात करून आम्हांला म्हणाली, "दगड उचललेत ते होते तसे ठेवा हो. खाली खेकडे असतात, आम्ही खातो ते." आणि ती निघून गेली. आम्ही दगड पुन्हा लावले; पण ते पूर्वी नेमके कसे होते हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हते. प्रस्तुत टिपण त्या न आठवण्याविषयी आहे.

वाळूतून सोने काढण्याची क्रिया मराठी घराला परकी नाही. तांदूळ रोळताना आपल्या आज्या हेच करीत. पाण्यात पात्र गोल हलवायचे, जड ते तळाशी बसू द्यायचे, हलके ते पाण्याबरोबर सोडायचे. फरक इतकाच की तांदळात तळाचा खडा टाकायचा असतो आणि वाळूत तळाचाच कण ठेवायचा असतो. सोने पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू जेमतेम अडीच पट. सारी विद्या या अंतरात आहे आणि ती मनगटात मुरायला वर्षे लागतात.

ही विद्या ज्यांच्या पोटाशी बांधलेली होती त्यांना आपल्या भाषेत नाव आहे: झारेकरी. सोनारांच्या दुकानांतील राख, केर आणि धूळ धुऊन तीतले धातूचे कण वेगळे करणारा तो झारेकरी. वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, बालाघाटच्या बाजूला, नदीची वाळू धुणारे ते सोनझारी. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात त्यांची स्वतंत्र नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही गोंडांच्या पोटात 'सोनझारी झरेका' हे नाव आढळते. आणि हे काम केवळ ग्रंथांत उरले आहे असेही नाही. मुंबईच्या झवेरी बाजारात दुकाने उघडण्यापूर्वी रस्ते झाडून, गटारांतला गाळ उपसून, घमेल्यात धुऊन सोने काढणारी माणसे आहेत. तिथे परातीला खाचा नसतात. पारा असतो, तेजाब असते आणि त्यांचा धूर असतो. आरेपासून हा बाजार लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. आम्ही मुलाला तिकडे नेले नाही. तसे आमच्या मनातही आले नाही.

कोलोमाच्या नदीकाठचीही कथा वेगळी नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल याला तिथे सोने दिसले आणि जगभरातून माणसांचा लोंढा लोटला. कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची संख्या त्या सुमारास दीड लाखाच्या घरात होती. १८७० पर्यंत ती ३० हजारांवर आली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली यांनी हे घडवले. आज तिथे राखीव उद्यान आहे आणि पर्यटकांना हाताने, परातीने वाळू धुण्याची मुभा आहे. ज्या कृतीने एक जग मोडले तीच आता सुटीतील निरुपद्रवी करमणूक झाली आहे. परातीबरोबर हा इतिहास आला नाही. परात मात्र आली.

येथे एक आक्षेप येईल. मुलांच्या खेळावर एवढे ओझे कशाला? भातुकलीही श्रमाचीच नक्कल असते ना? असते. पण भातुकलीत मूल आपल्याच घरातल्या श्रमाशी खेळते. ती चूल, ते दळण, तो पाहुणचार त्याने रोज पाहिलेला असतो. सहलीत आपण दुसऱ्याच्या श्रमाशी खेळतो, तोही तो दुसरा दिसणार नाही अशा बेताने. आमचा विरोध खेळाला नाही. या बेताला आहे.

आरेच्या बाबतीत हा बेत नावांपासूनच सुरू होतो. शहरातील गोठे बाहेर हलवावेत म्हणून १९४९ मध्ये येथे दूध वसाहत वसली. ती 'आरे मिल्क कॉलनी'. सहलीला येणाऱ्यांसाठी बाग आणि तळे झाले; ते 'छोटा काश्मीर'. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली तेव्हा विरोधकांनी, आणि त्यांत आम्हीही होतो, तिला 'मुंबईचे फुप्फुस' म्हटले. ही तिन्ही नावे एकच गोष्ट सांगतात: शहराला आरेपासून काय मिळते. दूध, विरंगुळा, श्वास. जे वारली आणि इतर आदिवासी वसाहतीच्या आधीपासून येथे राहतात, ज्यांचे २७ पाडे आहेत, ते या तिन्ही नावांत कुठेच नाहीत. तोडीच्या विरोधात पाड्यांवरचे लोक पुढे होते, तरी आमची प्रतिमा मात्र शहराच्या छातीतून निघाली. फुप्फुसात कोणी राहत नसते, पाड्यात राहते.

साहित्याच्या अभ्यासकांना आम्ही हे का सांगत आहोत? कारण सहलीची ही नजर आपल्या टीकाव्यवहारातही मुरलेली आहे. 'अनुभवाच्या मातीतून सोने वेचणारा लेखक' असे आपण सर्रास लिहितो. त्या वाक्यात माती कोणाची, वेचणाऱ्याचे हात कसे, याची चौकशी नसते. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) वेगळे ठरते ते यामुळेच: तेथे वारली हे पाहण्याचे दृश्य नाहीत, त्यांचा वेठीचा दिवस, देणे आणि भीती यांचा हिशेब आहे. 'उपरा'ने (१९८०) टोपल्या विणणाऱ्या कैकाडी घराचे दारिद्र्य आतून सांगितले आणि विणकामाची गोंडस रूपके वापरणे त्यानंतर थोडे अवघड झाले. झारेकऱ्याचे घर मात्र मराठी वाचकाच्या तसे ओळखीचे झालेले नाही, म्हणून त्याचे रूपक आपण अजून बिनधास्त वापरतो.

रूपके सोडून द्यावीत असे आमचे म्हणणे नाही. शिकवताना रूपकाच्या आधी व्यवसाय शिकवावा, एवढेच म्हणणे आहे. वर्गात 'सोने वेचणे' आले की जुना कोश उघडून 'झारेकरी' हा शब्द फळ्यावर लिहावा, रोळण्याची क्रिया करून दाखवावी, झवेरी बाजारातील पहाट सांगावी. मग कवीने त्या प्रतिमेचे काय केले ते पाहावे. काही प्रतिमा या चौकशीनंतर अधिक श्रीमंत होतील. काही पोकळ निघतील. दोन्हींत विद्यार्थ्याचा लाभच आहे.

परात सध्या आमच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्यात तांदूळ चांगले रोळले जातात. मुलाने पुन्हा आरेत जायचे म्हटले आहे. या वेळी त्याला खेकडे पाहायचे आहेत, आणि दगड होता तसा कसा ठेवायचा ते त्या बाईला विचारायचे आहे. आम्ही जाणार आहोत.