आवाज माझा, घड्याळ सर्वांचे

मोहल्ल्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला शिक्षकाकडे येतात. अलीकडे आलेल्या दोघांनी मला विचारात पाडले.

पहिली एक बाई. नवरा मारतो म्हणून तिने रात्री ११२ ला फोन केला होता. पोलीस आले, समज देऊन गेले. तिला एकच धास्ती होती, "सर, फोन मी केला हे सासरच्यांना कागदावरून कळेल का?"

दुसरा एक तरुण. वडिलांच्या छातीत दुखू लागले, त्याने तीनदा फोन केला. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत वडील गेले होते. त्याला भरपाई नको होती, गाडी किती वाजता निघाली एवढेच हवे होते. माहिती अधिकारात उत्तर मिळाले: माहिती वैयक्तिक आहे, देता येत नाही. फोन करणारा तोच, आणि नकारही त्यालाच!

गोपनीयता आणि जबाबदारी यांपैकी एकच निवडा, असे आपल्याला सांगितले जाते. मला ते पटत नाही. आपत्कालीन फोनच्या नोंदीचे दोन भाग असतात. नाव, नंबर, पत्ता, आजार, रडण्याचा आवाज हे फोन करणाऱ्याचे. फोन किती वाजता आला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, पुढे काय केले, हे यंत्रणेचे काम आहे आणि त्याचा हिशेब जनतेचा.

२६/११ च्या रात्री शहीद झालेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकारातूनच मुंबई पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या. मदत कधी मागितली गेली आणि पुढे काय झाले, हा प्रश्न त्यामुळे कागदाच्या आधारे विचारता आला. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीतील दंगलीच्या चार दिवसांत पोलिसांकडे तेरा हजारांहून अधिक फोन आल्याची बातमी होती. एका ठाण्याच्या नोंदवहीत 'काय कारवाई केली' हा रकाना बऱ्याच ठिकाणी कोराच होता, असेही त्यात होते. तो कोरा रकाना दाखवायला कोणत्याही पीडिताचे नाव उघड करावे लागत नाही.

कायद्यातही ही वाट आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम १० नुसार न देण्याजोगा भाग झाकून उरलेली माहिती देता येते. ज्याच्या जिवाला धोका होईल त्याची ओळख कलम ८(१)(छ) राखते. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मधली व्यापक जनहिताची अट काढून टाकली. आता 'वैयक्तिक' एवढा एक शब्द लिहून अर्ज परत पाठवणे सोपे झाले आहे. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद शाबूत आहे. अर्जात आणि अपिलात तिचा उल्लेख आवर्जून करायला हवा.

आपल्या दीनमध्ये या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी धुंडाळण्याची मनाई आहे. सूरह निसामध्ये अमानत तिच्या हक्कदाराला पोहोचवण्याचा आणि इन्साफाने न्याय करण्याचा हुकूम आहे. संकटात केलेला फोन ही अमानत आहे. ती चव्हाट्यावर मांडणे खयानत, आणि तिच्या आडून स्वतःची दिरंगाई लपवणे हीसुद्धा खयानतच.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक ठाण्याने आणि रुग्णवाहिका सेवेने दर महिन्याला नावे वगळून वेळांचा तक्ता जाहीर करावा. स्वतःच्या फोनची पूर्ण नोंद मागणाऱ्याला ती मिळावी. ध्वनिमुद्रण मात्र त्याच्या संमतीशिवाय कोणालाही देऊ नये, न्यायालयाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी.

त्या बाईला मी सांगितले, तुझे नाव झाकून ठेवणे ही त्यांची जबाबदारी आहे. तरुणाचे पहिले अपील आम्ही तीस दिवसांच्या आत दाखल केले. त्यात फक्त तीन वेळा मागितल्या आहेत: फोन आल्याची, गाडी निघाल्याची, पोहोचल्याची.