स्फोटाचा न दिसणारा मार

४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी लेबनॉनची राजधानी बैरूत येथील बंदरातल्या एका गोदामाला आग लागली. धुराचे लोट पाहण्यासाठी लोक खिडक्यांत आणि गच्च्यांवर आले. थोड्याच वेळात गोदामात अनेक वर्षे पडून असलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे दगावली, सहा हजारांवर जखमी झाली. आगीपासून कितीतरी दूर असलेल्यांनाही फुटलेल्या काचांनी रक्तबंबाळ केले.

स्फोट म्हणजे नुसती आग आणि आवाज नव्हे. क्षणार्धात तयार झालेला तप्त वायू भोवतालच्या हवेला जोराने रेटतो आणि दाबाची एक लाट आवाजाहूनही अधिक वेगाने पसरू लागते. ही लाट शरीरातून आरपार जाते. तिचा सर्वाधिक फटका बसतो तो हवा असलेल्या अवयवांना, म्हणजेच कान, फुप्फुसे आणि आतड्यांना. कानाचा पडदा फाटतो. फुप्फुसांतील हवेच्या नाजूक पिशव्या फुटून त्यांत रक्त साचते. आतड्यांना झालेली इजा तर काही वेळा एक-दोन दिवसांनी लक्षात येते. बंद खोलीत किंवा बसमध्ये ही लाट भिंतींवर आपटून परत फिरते, म्हणून तिथला मार अधिक जबर असतो.

लाटेपाठोपाठ काचा, पत्रे, दगड उडतात. माणूस फेकला जाऊन हाडे मोडतात. भाजण्याच्या जखमा वेगळ्याच.

मग काय करावे? दूरवर मोठी आग किंवा झगझगीत प्रकाश दिसला, तर पाहायला खिडकीशी जाऊ नका. प्रकाश आधी दिसतो, लाट मागून येते. एक किलोमीटर अंतर कापायला आवाजालाही सुमारे तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात काचेपासून दूर होऊन जमिनीवर पालथे पडावे, डोके हातांनी झाकावे.

अंगात रुतलेली काच उपटू नये, डोळा चोळू नये, कानात तेल वा औषध घालू नये. पोटात दुखत असल्यास काही खाऊ-पिऊ घालू नये.

स्फोटाजवळ असलेल्या व्यक्तीच्या अंगावर ओरखडाही नसला, तरी तिला डॉक्टरांना दाखवावेच. कानाचा पडदा शाबूत आहे म्हणून फुप्फुसेही ठीक असतील, असे समजू नये. धाप, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, पोटदुखी किंवा उलटी यांपैकी काहीही जाणवले, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.