घर बघताना धडधड होते तेव्हा

सॅम्पल फ्लॅट बघून आलेले जोडपे 'पाहताक्षणी आवडला' म्हणाले, की मला काळजी वाटते. ताज्या रंगाचा किंवा कॉफीचा वास मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या केंद्रांपर्यंत फार थेट पोहोचतो. विचार मागून येतो आणि झालेल्या आवडीला कारणे शोधत बसतो. त्यात 'शेवटचे दोनच उरलेत' ऐकले, की छातीत धडधड सुरू!

अशा वेळी टोकन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हप्ते २० वर्षे फेडायचे असतात. एक रात्र नीट झोपा. मग जो फ्लॅट घ्यायचा तोच बघा, शक्यतो भर पावसात. भिंतीला ओल आहे का? ओलीतली बुरशी दमा वाढवते. आणि लिफ्ट बंद पडली तर आईचे गुडघे चार मजले चढतील का, तेही तेव्हाच बघा.